दामूअण्णांचा उपप्रश्न

घंटी वाजली की आमदार दामूअण्णा खाली बसत. घंटी कुठलीही असो. सायकलची असो, शाळेची असो, नाहीतर बर्फाच्या गोळेवाल्याची असो. एकदा देवळात आरती ऐन रंगात आली होती. कुणीतरी घंटा बडवायला लागला आणि सगळी आळी उभी असताना अण्णा एकटेच मांडी घालून बसले. लोक म्हणाले, काय भक्ती आहे! मला खरं कारण ठाऊक होतं.

पेणला एसटी स्टँडजवळ माझा टायपिंगचा क्लास होता. अण्णांची बिऱ्हाडाची खोली शेजारीच, त्यामुळे विधानसभेत विचारायचे प्रश्न ते माझ्याकडूनच टाईप करून घेत. अण्णा उभ्यानं मजकूर सांगायचे. मशीनवर ओळ संपत आली की 'टिंग' वाजतं, हे ज्यांनी टायपिंग केलंय त्यांना माहीत आहे. 'टिंग' झालं की अण्णांचं वाक्य अर्ध्यावर आणि अण्णा खुर्चीत! मग ओशाळून उठायचे.

"सवय हो मास्तर. तिकडं घंटी झाली की बसायचं असतं. नाय बसलो तर माईक बंद."

ते कुठल्या मतदारसंघाचे आणि कुठल्या पक्षाचे, ते मी सांगणार नाही. सत्तेतल्या पक्षाचे होते, मागच्या बाकावर बसत आणि पहिल्यांदाच निवडून आले होते, एवढं पुरे. लोकांना वाटायचं, आमदार म्हणजे केवढी सत्ता! डोलवीला तेव्हा नवी कंपनी उभी राहत होती. सकाळी सातपासून दारात पोरं नोकरीसाठी, बाया गॅसच्या नंबरासाठी, मास्तर बदलीसाठी. अण्णा प्रत्येकाला पत्र देत आणि पत्राचं काय होणार या काळजीनं दिवसभर नखं खात.

"दोनशे अठ्ठ्याऐंशीतला एक मी," ते म्हणायचे. "पुढल्या बाकावरचे बोलतात. आमी हात वर करतो. कवा वर करायचा तेसुदीक चिठ्ठीवर लिहून येतं."

एकदा आम्ही दोघं एसटीनं रोह्याला चाललो होतो. गाडीला गर्दी. आमदारांची राखीव सीट रिकामी होती, म्हणून मी अण्णांना तिथं बसवलं. कंडक्टर आला. "ओ काका, उठा. ती सीट आमदारांची हाय." अण्णा ताडकन उठले आणि रोह्यापर्यंत दांडा धरून उभे राहिले. मी चिडलो, म्हटलं, सांगितलं का नाहीत? तर म्हणतात, "त्याचं काय चुकलं? आन् वाटेत खरा आमदार चढला असता, मग?"

अशा माणसाला झोप कशी लागणार? त्यातून अण्णांना एक जुनं दुखणं होतं. ते म्हणजे त्यांच्या गावची उघडी. खाडीकाठच्या गावांना बाहेरून मातीचा बांध असतो आणि त्या बांधात पाणी जायला लाकडी झडपेचं तोंड ठेवलेलं असतं. तीच उघडी. ओहोटीला गावचं पाणी तिच्यातून बाहेर जातं आणि भरतीला झडप मिटून खाडी बाहेर राहते. अण्णांच्या गावची झडप कुजली होती. मोठं उधाण आलं आणि खारं पाणी शिवारात शिरलं, तर दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. भेटल्याबरोबर अण्णांचा पहिला प्रश्न, "मास्तर, आज तिथी कुठली?" अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की त्यांचा चेहरा बघवत नसे.

म्हणून त्यांनी तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचा. मजकूर आम्ही तीनदा टाईप केला. अधिवेशनात नंबर लागेल की नाही या धास्तीनं अण्णांनी देवाला नारळ बोलला, आणि नंबर लागलासुद्धा! अण्णा मुंबईला गेले. मी पेढ्यांची वाट बघत बसलो.

तिसऱ्या दिवशी ते आले ते छापील उत्तर घेऊनच. माझ्यासमोर कागद ठेवला. त्यात होतं: 'उघडी नादुरुस्त होती, हे खरे आहे. दुरुस्ती पूर्ण करण्यात आली आहे. त्यापुढील प्रश्न उद्भवत नाही.'

"पूर्ण? कधी?" मी विचारलं.

"तिथं पाटीभर मातीसुदीक पडली नाय, मास्तर! उपप्रश्न विचारायला उठलो मी. छापील उत्तरावर तोंडी विचारता येतं ना, तोच. 'अध्यक्ष महोदय' म्हटलं आन् घंटी झाली."

"मग?"

"बसलो."

बाहेर पक्षातल्या मोठ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, आपल्याच सरकारला खोटं पाडणार काय? अण्णांनी 'नाही' म्हणून मान हलवली होती. ती मान त्यांना आता वर करवत नव्हती.

चार दिवसांनी अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, माझ्या क्लासमध्ये आल्या. डोळे सुजलेले. "भावजी, गावाला जातो म्हणून गेलेत, तवापासून निरोप नाय. ते उत्तर आल्यापासून धड जेवले नायत. खाडीकाठचं घर ते. मला नाय नाय ते सुचतंय हो."

मलाही नाही नाही ते सुचलं. क्लासला कुलूप घातलं आणि मिळाली ती गाडी पकडली. स्टॉपपासून गाव दोन मैल. उन्हात पळतच गेलो. अण्णांच्या घरासमोर पोचलो. घराला दार नव्हतं. चौकट मोकळी आणि तिथं गोणपाट लोंबत होतं. हाका मारल्या, आत कुणी नाही.

शेजारची म्हातारी मिठाच्या गोणी झटकत होती. "दामू होय? तो बांधावर हाय. दार घेऊन गेला."

"दार घेऊन?"

"व्हय. निवडणुकीला बोललाच होता, माझं दार कायम उघडं म्हणून. केलं खरं मेल्यानं!"

बांधावर तीस-चाळीस माणसं होती आणि खाली कमरेइतक्या चिखलात अण्णा. डोक्यावर टोपी तेवढी पांढरी. घराचं सागवानी दार कापून सुताराकडून त्याची झडप करून घेतली होती आणि ती तोंडाशी बसवायची धडपड चालली होती. पूर्वी घरटी एक माणूस देऊन गाव स्वतःचा बांध राखायचं. सरकारनं काम अंगावर घेतल्यावर ती चाल मोडली. अण्णा घरोघर फिरले होते. म्हणे, काम सरकारनं पूर्ण केलंय, फक्त आपण हात लावायचा बाकी हाय.

"अण्णा, हे काय चाललंय?" मी वरून ओरडलो. जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे राग येत होता.

"मास्तर, सभागृहात 'पूर्ण' म्हणून सांगितलंय. तिथं खोटं पडून राहील, ते बरं नव्हं. मला तिथं काय खोडता आलं नाय. मग म्हटलं, इथं खरं करू." मग एकदम घाबरून, "किती वाजले? उद्या अमावास्या. भरतीला दोन तास हायत फक्त!"

मीही चपला काढल्या आणि माती वाहायला लागलो. भरती आली तेव्हा सगळे बांधावर उभे होते. पाणी चढलं, दाराची झडप धाडकन मिटली. कडेनं थोडं गळत होतं. अण्णा वाकून वाकून बघत होते. दुसऱ्या दिवशीचं मोठं उधाणही बांधाबाहेरच थोपलं. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. अण्णांनी मात्र विचारलं, "आता पौर्णिमा कधी?"

पुढल्या आठवड्यात दुपारी ते क्लासमध्ये आले. मंत्र्यांना पत्र लिहायचं होतं. 'आपण सभागृहात सांगितल्याप्रमाणे दुरुस्ती पूर्ण झाली आहे, आभारी आहे.' मला ते टाईप करताना लाज वाटली, पण केलं. अण्णा घुटमळले.

"मास्तर, वेळ हाय का? तो उपप्रश्न राहिलाय."

कागद चढवला. अण्णांनी टोपी नीट केली आणि समोरच्या रिकाम्या बाकांकडे बघत बोलायला लागले. "अध्यक्ष महोदय, माझा उपप्रश्न असा आहे..." उघडीबद्दल बोलले. वडील उधाणाला त्याच बांधावर उभे राहायचे, त्याबद्दल बोलले. मग आवाज बारीक झाला. "माझ्या गावाला मी खोटं सांगितलं असं वाटत होतं. मला तोंड दाखवायला जागा नव्हती. एका सदस्यानं इथं नक्की कशासाठी बसायचं, हे मंत्रिमहोदय सांगतील काय?"

घंटी वाजू नये म्हणून मी प्रत्येक ओळ अर्ध्यावरच तोडून पुढची ओळ घेत होतो. पान कवितेसारखं अर्धंच भरत गेलं. माझ्या क्लासमध्ये इतकं वाईट टायपिंग कुणी केलं नसेल.

अण्णांचं बोलून संपलं. पण ते उभेच राहिले. घंटीशिवाय बसायचं कसं, हेच त्यांना उमगेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वेळ संपली काय, मास्तर?"

"नाही अण्णा, अजून आहे," मी म्हटलं आणि दुसरा कागद चढवला.