म्यान नवरदेवाच्या हाती

परीक्षेच्या दिवशी सकाळी भाईदासने कपाट उघडलं, तर जपानी तलवारीचा खोका रिकामा. तलवार सरावाची, बिनधारेची. पण धुळ्यात ही तलवारबाजी शिकवणाऱ्या पितांबर सरांचा नियम होता, ज्याची तलवार त्यानेच आणायची. भाईदास दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याचं नाव वर्गातून कटत असे.

तलवार चुलत भावाच्या, सुकदेवच्या, हातात सापडली. हळद लागलेल्या नवरदेवाजवळ हत्यार लागतं, आणि घरच्या कट्यारीपेक्षा ही चकचकीत होती.

"काकू, दे ना. दहा वाजता परीक्षा शे."

"नवरदेवना हातमाईन हत्यार काढतस का रे?" झुंबरबाई कडाडली. "लगीन लागत नही तवलोंग ते हातमाच ऱ्हाई."

लग्न संध्याकाळी धुळ्यातच होतं. तेव्हा ठरलं, की नवरदेवालाच आधी परीक्षेला न्यायचं. साक्रीहून निघालेला वऱ्हाडाचा ट्रक पावणेदहाला हॉलपुढे रिकामा झाला.

पितांबर सर चार वर्षं जपानात नोकरी करून आले होते. त्यांना आता कशाचंच नवल वाटत नसे. "चपला बाहेर," एवढंच म्हणाले.

"तलवार काढी ले," झुंबरबाईने सवलत दिली. "म्यान मना पोऱ्याना हातमा ऱ्हाऊ दे."

तोंडावर फुलांच्या माळा सोडलेला सुकदेव भाईदासच्या कमरेला खेटून, म्यान धरून बसला. तलवार सपकन निघाली. हवेतले चारही वार सरळ गेले. खरी गोम पुढे होती. खाली न बघता तलवार म्यानात घालायची, आणि म्यानाच्या तोंडाशी सुकदेवचा अंगठा! धार नसली तरी टोक होतंच.

"संभाळी रे भाऊ," मागून झुंबरबाई म्हणाली, "सांजले तेच हातवर कन्यादाननं पानी पडनं शे."

घाम भाईदासच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. टोक अंगठ्यापाशी आलं. त्याला राहवलं नाही. त्याने खाली बघितलं. खट्. तलवार आत, अंगठा शाबूत.

"नापास," सर म्हणाले. मग ते सुकदेवपुढे गुडघे टेकून बसले आणि कमरेत वाकले. "अंगठ्याशी टोक, आणि हात तसूभर हलला नाही! एवढी शांती मी जपानातही पाहिली नाही. ह्याला वर्गात आण, तर तुझंही नाव ठेवतो."

भाईदासने भावाच्या तोंडावरच्या माळा जरा बाजूला केल्या. सुकदेव गाढ झोपला होता. जागी होती ती फक्त मूठ.

भाईदासने माळा पुन्हा नीट सोडल्या.

"आणतो, सर," तो म्हणाला. "पण आत्ता जरा हळू बोला."