बुडाखालची कादंबरी

एका कादंबरीचं पहिलं वाक्य मी मोडीत घातलं आणि त्याच्या बदल्यात स्टीलचा डबा घेऊन आले. वर शेजारणींना तो डबा वाजवूनही दाखवला. आता नातवंडं विचारतात, आजी, तू तेव्हापासूनच हुशार होतीस का? मी म्हणते, तेव्हा तर फारच हुशार होते, तीच तर भानगड झाली.

कादंबरी नत्थूजी कसारांची होती. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. लग्न निघालं की सगळ्या गल्लीची भांडी एका मांडवात गोळा होत आणि कार्य उरकलं की ज्यानं त्यानं आपापली ओळखून न्यायची. म्हणून भांड्यावर नाव घालून घ्यावंच लागे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आपल्या भांड्यांच्या दुकानात नत्थूजी छन्नी-हातोडी घेऊन बसलेले असत. ठिपक्याला ठिपका लावत नाव घालत, मग भांडं उलटं करत आणि बुडाखाली, कोणी न सांगता, एक वाक्य आपलं स्वतःचं घालून देत.

हे काय, म्हणून विचारलं तर मान वर न करता म्हणत, "कादंबरी लिवून राहिलो, बाई. पयलीच हाय."

कशावरची, तर तेही त्यांचं ठरलेलं होतं. "आधी पिरेम. मंग दुःख. मंग मांगं वळून पायनं." कागदावर का नाही लिहीत? कागद उधई, म्हणजे वाळवी, खाते. छापणार कधी? छपून तर राहिली ना, घरोघरी.

गिऱ्हाईक कधी कधी तणतणत येई. एकीच्या लेकीच्या आंदणातल्या परातीखाली निघालं, 'मंग ती गेली. चपला दारातच होत्या.' नवरीच्या आईनं भर रस्त्यात त्यांचा उद्धार केला. नत्थूजींनी परात बदलून दिली, वाक्य नाही बदललं. ती परात पुढं आमच्या शेजारच्या रुखमाकाकूंनी घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि पितळ जाड होतं.

मी करडीहून लग्न होऊन आले ती मॅट्रिक पास होऊन. दुसऱ्या खेपेला, पण तेवढं खोदून कोणी विचारत नसे. वाचनालयातून कादंबऱ्या आणून वाचायची. त्यांतल्या नायिका सतार वाजवत आणि शेवटी खोकून मरत, त्यामुळे कादंबरी कशी असते हे मला पक्कं ठाऊक. नत्थूजींनी माझ्या नव्या गुंडावर, म्हणजे पाण्याच्या घागरीवर, माझं नाव घातलं आणि तो उलटा केला, तेव्हा मी त्यांना शिकवलं की कादंबरी वाचनालयात असते, भांड्याच्या बुडाखाली नसते.

"वाचनालयातली घासा लागत नाई, बाई," ते म्हणाले.

तो गुंड मी वर्षानुवर्षं राखेनं घासला. बुडाखालचं एकदाही वाचलं नाही.

मग गावात स्टील आलं आणि आम्ही बाया पिसाटल्यासारख्या झालो. घासायला नको, कल्हई नको, वर आरशासारखं तोंड दिसे. नत्थूजी स्टीलला हात लावत नसत. "याच्यावर अक्षर बसत नाई, नुसतं खरचटते," म्हणत. मी मनात म्हटलं, बसा धरून तुमचं पितळ. आणि गुंड मोडीत घातला.

त्याच उन्हाळ्यात रुखमाकाकूंच्या लेकीचं लग्न निघालं. सगळ्या गल्लीची भांडी विहिरीपाशी घासायला पडली. कोणीतरी गंज, म्हणजे मोठं पातेलं, पालथा घातला आणि म्हणाली, अगं, याच्याखाली काय हाय वाच तं. मॅट्रिक म्हणून मला पाटावर बसवलं. मी मोठ्या तोऱ्यात सुरू केलं. 'मी तिच्यासंग बोलाले गेलो अन् धानाचं बोलून परत आलो.' बाया हसल्या. एकीनं पाण्याचा गडवा पुढं केला. 'ती चहात मूठभर साखर टाके. मी मुकाट्यानं पेलो.' आणखी हसल्या. आता जी ती आपलं भांडं उलटं करून आणू लागली. हे आधी का ते आधी, म्हणून भांडणं लागली, पालथ्या भांड्यांची ओळ लागली. मग काकूंची ती परात आली. आणि तिच्यामागं कोणाचा तरी जुना पोचे आलेला कोपर, म्हणजे पसरट काठाचं मोठं भांडं. 'आता कोनाच्या दारात चपला दिसल्या का माही हातोडी थांबते.'

हातावरची राख वाळून गेली. मी इतक्या कादंबऱ्या वाचल्या होत्या, एवढ्या नायिका मरताना पाहिल्या होत्या, पण वाचता वाचता माझा आवाज कधी गेला नव्हता. ज्यांत आम्ही इतकी वर्षं वरण शिजवलं, कणीक तिंबली, त्या भांड्यांखाली हा माणूस एकटा एवढं मोठं काहीतरी उभारत बसला होता. नाकाडोंगरीहून तो एकटाच आला होता. आम्ही त्याला बिनलग्नाचा समजत होतो.

तेवढ्यात नत्थूजीच विहिरीपाशी आले. रुखमाकाकूंनी पदरानं डोळे पुसत विचारलं, "सगळीकडं नुसतं ती, ती. नाव का होतं जी तिचं?"

नत्थूजी लाजले. बायकोचं नाव तोंडानं घ्यायची रीत नव्हती. "नाव पयल्याच वाक्यात हाय," म्हणाले. "एकाच जागी घातलं. या बाईच्या गुंडाले."

सगळ्या माझ्याकडं वळल्या. मी ठोकून दिलं की गुंड माहेरी आहे, करडीला.

दुसऱ्या दिवशी डबा पदराखाली घेऊन दुकानात गेले आणि खरं ते सांगितलं. हातोडी थांबली. गावभराची नावं घालणाऱ्या त्या माणसानं तिचं नाव एकदाच घातलं होतं, आणि ते मी भट्टीत पाठवलं होतं. त्यांनी विचारलं, देण्याआधी वाचलं तरी होतं का? मी नाही म्हणून मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मोडीत काय मिळालं, म्हणाले. मी डबा पुढं ठेवला.

त्यांनी बोटाच्या पेरानं तो वाजवला, कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं, आणि उलटा करून मांडीवर घेतला. छन्नी सारखी निसटत होती. ते धोतरानं पुसत आणि पुन्हा टेकवत. दुपार तिथंच कलली. एरवी ठिपक्यांत रांगोळीसारखं उठणारं त्यांचं अक्षर वेडंवाकडं, खरचटल्यासारखं उमटलं. या वेळी मी वाचलं. 'शेवंता पानी भरून येऊन राहिली होती.'

डबा माझ्या हातात देऊन ते पुन्हा आपल्या कामाला वाकले आणि मान वर न करता म्हणाले,

"याच्यात साखर ठेवत जा, बाई. अन् भरून ठेवजा, तिची मूठ मोठी हाय."