सावरखेडे खुर्द नकाशातून पुसले गेले, त्याची हकिकत

श्री भूमातेस दंडवत असो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले की, रस्त्यांचे, पाण्याचे आणि टपालाचे ऐशी तीन खाती आपापले नकाशे बाळगीत होती आणि एकाचा मेळ दुसऱ्याशी नव्हता, एक ना धड भाराभर चिंध्या, आणि रस्तेवाल्यांनी पूल बांधिला तेथे नदीच नव्हती. मग सरकार खिन्न जाहले आणि नकाशे काढण्यात केस पिकलेले गिरमाजी अनंत यांस बोलावून आज्ञा केली की, मुलखाची सर्व माहिती गणकयंत्रात एकाच कोठारी भरावी, खुणा एक, मोजणी एक, आणि ज्यास नकाशा लागेल त्याने तेथूनच उतरवून घ्यावा.

गिरमाजीपंतांनी आज्ञा शिरी धरिली आणि विहिरीस टिंब द्यावे की वर्तुळ यावर खाती तीन महिने भांडली तेही सोसिले, आणि मग नियम केला की एक नाव कोठारी एकदाच. तो यंत्राने दाखविले, सावरखेडे दोनदा आले आहे, एक बुद्रुक म्हणजे थोरले आणि एक खुर्द म्हणजे धाकटे. पंतांच्या स्वतःच्या गावी बुद्रुक आणि खुर्द यांत एक बांध काय तो आडवा, आणि कोठाराचा मुहूर्त उद्यावर आला होता. बोलिले, "शेपूट काढा. गाव एकच." कारकुनांनी धाकटे पुसिले आणि मुहूर्त थाटात जाहला आणि पंतांस शालजोडी मिळाली आणि खात्यांनी जुने नकाशे रद्दीत घातले.

श्रावणात नदी फुगली. होड्या नव्या नकाशाबरहुकूम निघाल्या आणि बुद्रुकाची माणसे सुखरूप काढून परतल्या, आणि खुर्द राहिले पैलतीरी. तेथील दोनशे माणसे दोन दिवस टेकडीवर वाट पाहत राहिली आणि तिघे वाहून गेले. पूर्वी एका नकाशात चुके ते दुसऱ्यात सापडे, आता चूक सर्वत्र सारखीच उतरली होती. हे ऐकोन पंतांच्या पायांखालची जमीन सरकली आणि ते मोजणीचे यंत्र घेऊन एकटेच तेथे गेले.

गावाच्या जागी चिखल होता आणि लोक टेकडीवर पत्रे उभे करून बसले होते. भागाई म्हणोन एक म्हातारी पुढे आली, तिचा लेक त्या तिघांत होता. पंतांनी हात जोडिले, अपराध माझा म्हणाले, गाव पुन्हा लिहितो म्हणाले, आणि यंत्रात जुनी जागा शोधू लागले.

भागाई म्हणाली, "तिथं आता कोन ऱ्हातंय? हितं लिवा, मानसं हितं हायेत. आन खुर्द गाळू नका."

पंतांनी टेकडीवर टिंब दिले आणि खुर्द हा शब्द आपल्या हाताने लिहिला, आणि लिहिताना त्यांस रडू आवरेना.

ऐसे हे कोठाराचे वर्तमान. ते आजही चालते, नकाशे नेटके निघतात, आणि गावकऱ्यांस विचारल्यावाचून तेथे कोणी नाव पुसत नाही. तिघे गेले ते गेलेच. एवढे लिहून लेखणी खाली ठेविली.