निमकरांनी पास केल्याशिवाय

क्लबच्या माझ्या पहिल्याच गुरुवारच्या जेवणाला मी एका गृहस्थांची चाकांची खुर्ची दारापासून टेबलापर्यंत ढकलत नेली. त्यांचं ताट वाढून आणलं, मांडीवर रुमाल पसरला, काही लागलं तर संकोच करू नका असंही म्हणालो. नवा सभासद होतो, सेवाभाव नुसता ओसंडत होता. गृहस्थांनी सगळं शांतपणे करू दिलं. मग उठले आणि जिलबी आणायला चालत गेले.

"उजवीकडे ओढते," परत येऊन म्हणाले. "तुम्हाला ढकलताना जाणवलं का?"

हे निमकर. पिंपरीच्या एका कारखान्यात जन्मभर तयार मालातल्या खोटी काढण्याचा पगार घेतला आणि निवृत्तीनंतर तेच काम आमच्या क्लबात फुकट करू लागले. क्लबने दान द्यायची कुठलीही वस्तू आधी निमकरांकडून पास व्हावी लागे. "बसल्याशिवाय कळत नाही," हे त्यांचं ब्रीद. ब्लँकेटं वाटायचं ठरलं तेव्हा ऐन थंडीत त्यातलं एक पांघरून ते स्वारगेटच्या स्टँडवर झोपले, आणि सकाळी शिंकत शिंकत अख्खा गठ्ठा दुकानदाराला परत केला. पहिलीच्या वर्गाची बाकं तपासताना स्वतःच अडकले. दोन शिक्षकांनी ओढून काढल्यावर 'बाक मजबूत आहे' असा शेरा दिला.

चाकांच्या खुर्च्यांच्या बाबतीत तर फारच हट्टी. प्रत्येक खुर्ची धायरीला घरी नेत आणि आठवडा आठवडा ठेवून घेत. घरात फर्निचर कमी असावं, असा आमचा अंदाज.

मग हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने आम्हाला परदेशी खुर्च्या देऊ केल्या. तपासून, सीलबंद. अध्यक्षांनी जेवता जेवताच ठराव मांडला की यापुढे चाचणी बंद, खुर्च्या थेट वाटायच्या. नेमका त्याच क्षणी मी मसालेभातवाल्याला बोलवायला हात वर केला. अनुमोदक म्हणून माझं नाव लागलं. टाळ्या वाजल्या. मसालेभात आलाच नाही. निमकर त्या दिवशी गैरहजर होते, त्यामुळे त्यांना निरोप सांगायचं आणि त्यांच्याकडची शेवटची खुर्ची आणायचं काम साहजिकच अनुमोदकाकडे आलं.

रविवारी सकाळी धायरीला गेलो. सोसायटीच्या फाटकातच निमकर खुर्ची ढकलत येताना दिसले. खुर्चीत त्यांच्या पत्नी, नलूताई. चापूनचोपून नेसलेली साडी, केसांत अबोलीचा गजरा, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. डाव्या हाताने त्यांनी मला थांबवलं.

"क्लबचे का आपण? मग लिहून घ्या. स्पीडब्रेकरवर मान हिसडते. भाजीवाल्यापर्यंत ठीक आहे, पण देवळाच्या उतारावर ब्रेक धरत नाही. दान आहे म्हणून काहीही द्यायचं का हो?"

मी मान डोलावली. त्यांना वर पोहोचवून निमकर मला सोडायला खाली आले.

"विकत घेतलेल्या खुर्चीत बसत नाही हो ती," ते म्हणाले. "म्हणते, स्वतःची खुर्ची घरात आली म्हणजे पाय गेलेच. आजारपणानंतर गॅलरीच्या पुढे आली नव्हती. पण क्लबची चाचणी आहे म्हटलं की तयार होते. गजरासुद्धा मागते." मग विचारलं, "पुढची खुर्ची कधी येतेय?"

लवकरच, म्हणालो आणि रिकाम्या हाताने परत आलो.

घरी हिला सगळं सांगितलं, मसालेभातासकट. म्हटलं, गुरुवारी ठराव फिरवायला उभा राहीनही, पण कारण काय देऊ? खरं कारण निमकरांच्या घरातलं. ते चारचौघांत कसं मांडायचं?

ही चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "सांगा, परदेशात खड्डे नसतात. तिथे पास झालेली खुर्ची धायरीत नापासच धरायची."