वळणावर वाकणारा गिरडकर

गिरडकर वळणावर वाकत असे. मोटरसायकलवर वाकला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. हा पायी चालताना वाकायचा. हातात दुधीभोपळ्याची पिशवी, पायात रबरी चप्पल, आणि आमच्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आला की उजवा खांदा खाली, डावं कोपर वर, मान ताठ आणि नजर दूर कुठेतरी रोखलेली. भोपळा पिशवीत एका बाजूला कलंडायचा. कोपरा संपला की गृहस्थ पुन्हा सरळ.

"हे काय चाललंय, गिरडकर?" मी एकदा विचारलं.

"शरीराले सवय लावून राहिलो, देशकर. नजर जिथं जाते तिथं गाडी जाते. शास्त्र आहे हे."

"पण गाडी कुठे आहे?"

"गाडी घरी आहे. मी त इथं आहे न!"

भिलाईत प्लांटच्या क्वार्टरमध्ये शेजारी निवडता येत नसतो. मी अकाउंट्समध्ये, तो स्टोअर्समध्ये हेड क्लार्क. मी अमरावतीचा, तो भंडाऱ्याकडचा. आणि आमच्या दोघांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून त्यानं मला जे शास्त्र ऐकवलं, तेवढं मी कॉलेजातही ऐकलं नव्हतं. कोणत्याही वस्तूवर तो बोलू शकत असे, आणि समोरच्याचं उत्तर ऐकायची त्याला कधी गरज भासली नाही.

त्या वर्षी प्लांटमधल्या काही तरुण इंजिनिअरांनी एक टूम काढली होती. गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर रिकामे ड्रम मांडून एक वळणावळणाचा रस्ता आखायचा, आणि हिवाळ्यातल्या एका रविवारी नवशिक्यांनी आपापल्या मोटरसायकली आणून त्यावर चालवायच्या. शर्यत नाही, बक्षीस नाही. आपली गाडी जोरात वळताना कशी वागते, एवढं शिकायचं. पंचविशीतल्या पोरांचा खेळ. त्यात पन्नाशीला टेकलेल्या, पोट सुटलेल्या गिरडकरनं नाव दिलं.

त्याच्याकडे एक जुनी फटफटी होती. ती चालू होताना आमच्या खिडकीची तावदानं थरथरायची, आणि बंद होताना एक जोरदार बार काढायची. आता ती 'तयार' होऊ लागली. तयार होणे म्हणजे काय, तर तिच्यावरचं एकेक काढून टाकणे. आरसे गेले. मागचं कॅरियर गेलं. पायापुढचं गार्ड गेलं. इंडिकेटर गेले. पुढच्या दिव्याच्या काचेवर डॉक्टरी चिकटपट्ट्यांच्या चौकटी उमटल्या, तेव्हा माझी बायको म्हणाली, "गाडीला डोळ्यांचं ऑपरेशन झालं वाटतं."

"कावून हसता, वहिनी?" गिरडकर भिंतीवरून म्हणाला. "पडलो न, त काच फुटन. काच रस्त्यावर, मागच्याच्या टायरखाली. आपण पडलो त पडलो, दुसऱ्याले कावून पाडायचं?"

तेल काढायच्या बोल्टला त्यानं बारीक तार पिळून बांधली. कारण तेच: बोल्ट सुटला, तेल सांडलं, मागचा घसरला. ह्या मागच्याची त्याला भारीच काळजी. त्याच्या मागे कोणी असण्याची शक्यता किती, हा प्रश्न मी गिळला.

मग त्यानं स्टँड काढलं. वळणावर गाडी वाकली की स्टँड जमिनीला घासतं म्हणे. झालं, गाडीला उभं राहायला पाय उरला नाही. ती मधल्या भिंतीला आमच्या बाजूनं टेकून उभी राहू लागली. पहिल्या आठवड्यात भिंतीवर काळा डाग पडला, दुसऱ्यात माझ्या धुतलेल्या धोतरावर.

"गिरडकर, भिंतीला तुमची बाजू नाही का?"

"माह्या बाजूले उतार आहे, देशकर. शास्त्र समजून घ्या."

सर्वांत शेवटी निघाली ती मागच्या चाकावरची जाळी. बाईमाणसाची साडी चाकात जाऊ नये म्हणून लावतात ती. ती काढताना त्याचा हात रेंगाळत होता. मी भिंतीवर कोपर टेकून म्हटलं, "काढा, काढा. आता कोणाची साडी अडकणार आहे?"

बोलणं झोंबणारं होतं हे मला ठाऊक होतं. गिरडकरची बायको, शालिनी वहिनी, मुलीच्या अकरावीसाठी म्हणून नागपूरला माहेरी गेल्या होत्या. मुलगी अकरावी झाली, बारावी झाली, बी.एस्सी. होत आली, वहिनी काही परतल्या नाहीत. भांडण कोणी ऐकलं नव्हतं. पण ज्या माणसानं दूध तापवायच्या पातेल्यात कार्बोरेटर उकळला, आणि वर "हे पातेलं बी साफ झालं" असं सांगितलं, त्याच्याकडे परतायची घाई कोणाला असणार? माझी बायको तर म्हणायची, "मी असते तर पातेलं घेऊन गेले असते."

गिरडकरनं शेवटचा स्क्रू काढला. जाळी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आत नेऊन ठेवली. पण संध्याकाळी पुन्हा भिंतीशी हजर.

"शालू येऊन राहिली त्या रविवारी. पोरगी पण. पाहायले."

"असं?"

"असं म्हंजे? येऊन राहिल्या. तुमी पण या. माणसं पाह्यजेत."

मी गेलो. खरं सांगायचं तर फजिती बघायला गेलो, आणि भुईमुगाच्या शेंगांचा पुडा घेऊन गेलो. धावपट्टीवर थंडगार वारा सुटला होता. प्रेक्षकांसाठी क्लबातून फोल्डिंगच्या खुर्च्या आणल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर गिरडकरनं आपले दोन हातरुमाल पसरून ठेवले होते आणि बसायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हात जोडून उठवत होता.

गाड्यांची तपासणी एक तरुण इंजिनिअर करत होता. कोणाची चेन ढिली, कोणाचा ब्रेक कच्चा, कोणाच्या टायरमधून तारा दिसत होत्या. निम्म्यांना त्यानं बाजूला काढलं. गिरडकरच्या गाडीपाशी मात्र तो उकिडवा बसला, बोल्टची तार बोटानं ओढून पाहिली आणि म्हणाला, "अंकल, सबसे तैयार गाडी आपकी है."

गिरडकरनं माझ्याकडे पाहिलं. मी शेंग सोलली.

आणि मग गिरडकर सुटला. सुटला हा शब्द इथे मोठा आहे. पोरं धनुष्यातून सुटल्यासारखी गेली. गिरडकर वरातीत निघाल्यासारखा निघाला. पोरांनी त्याला एकदा गाठलं, मागे टाकलं, पुन्हा येऊन गाठलं. धावपट्टीवरचं एक कुत्रं काही अंतर त्याच्या शेजारून धावलं, मग कंटाळून पुढे निघून गेलं. आणि वळणं! ज्या वळणांसाठी ह्या माणसानं वर्षभर आमचा कोपरा झिजवला, त्या प्रत्येक वळणापूर्वी तो हात बाहेर काढून रीतसर इशारा देत होता. इंडिकेटर काढले होते ना! खुर्च्यांवरची माणसं पोट धरून हसत होती. मीही हसलो. शेंगेचा दाणा घशात अडकेपर्यंत हसलो.

सगळ्या चकरा पुऱ्या करून तो आला. हेल्मेट काढलं. चेहरा लाल, डोळ्यांत वाऱ्यानं पाणी. आल्या आल्या त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. हातरुमाल तसेच होते, एक वाऱ्यानं उडून खुर्चीच्या पायाशी पडला होता. त्यानं तो उचलला, झटकला, दुसऱ्यासोबत घडी करून खिशात ठेवला.

"नागपूरची गाडी लेट असन," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"गाडी कवाचीच येऊन गेली," तो म्हणाला. त्या दिवशी घरी परतेपर्यंत त्यानं शास्त्राचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी तो दारात आला. अंगात तेच चामड्याचं जाकीट, गळ्यापर्यंत बंद. "देशकर, हुडको कॉलनीपर्यंत येता का? एसटीडी बूथवर."

"मी कशाला?"

"पोरीले सांगायचं आहे. मी सांगितलं त तिले बढाई वाटते. तुमी पाह्यलं आहे."

"अहो, पण तुम्ही बोला की. वहिनींशीही बोलणं होईल."

"मी फोन केला का पोरगी आईले आवाज देते. शालू येत नाही. मंग मी न पोरगी थंडीपाण्याचं बोलतो, न ठेवतो." एवढं म्हणून तो पायऱ्या उतरू लागला.

मी चप्पल चढवली. काचेच्या त्या खोक्यात आम्ही दोघे दाटीवाटीनं उभे राहिलो. नंबर त्यानं फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. मी नाव सांगितलं.

"हॅलो, काका?" पोरगी घाबरली. "बाबा पडले का?"

"नाही, नाही. छान चालवली त्यांनी."

"खरं सांगा. लोक हसले असतील न?"

मी गिरडकरकडे पाहिलं. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. कुत्रं, इशारे, वरात, सगळं माझ्या जिभेवर होतं. आठवडाभर ऑफिसात पुरलं असतं.

"हसले," मी म्हटलं. "पण पोरी, गाडी तपासली तेव्हा निम्मे लोक बाहेर काढले. तुझ्या बाबांची गाडी सगळ्यांत चांगली निघाली. आणि चकरा पुऱ्या केल्या त्यांनी. एकदाही पाय टेकला नाही."

पलीकडे तिनं कोणाला तरी हे जसंच्या तसं सांगितल्याचं ऐकू आलं. मग कुजबुज झाली.

"काका, आई विचारून राहिली, आत स्वेटर घातला होता का म्हणून? तिकडे हवा राहते म्हणते."

मी गिरडकरला विचारलं. त्यानं घाईघाईनं जाकिटाची चेन ओढली. ती अडकली. त्यानं पुन्हा ओढली, आणि आतला हातानं विणलेला, गळ्याशी उसवलेला मेंदी रंगाचा स्वेटर रिसीव्हरसमोर उघडा करून धरला.

"घातलाय," मी सांगितलं.

पलीकडे रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. मग दुसराच आवाज आला, कित्येक वर्षांनंतर ऐकलेला, पण मी लगेच ओळखला.

"त्याईले द्या."

मी रिसीव्हर दिला आणि बाहेर आलो. थंडी पडायला लागली होती. काचेतून गिरडकर दिसत होता, दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाशी धरून उभा. ओठ मिटलेले होते. तो ऐकत होता.