चिमण्यांची कहाणी

सिंधूकाकूंशी बोलताना ‘हूं’ म्हणावं लागे. नुसती मान हलवून चालत नसे. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबत, समोरच्याच्या तोंडाकडे बघत आणि ‘हूं’ आलं नाही तर दरडावत, “हूं म्हण की!” सुपरमार्केटच्या काउंटरवरची मुलगी त्यांना बघताच आधीच ‘हूं’ म्हणून टाकायची. एकदा काकांनी सिग्नल तोडला. पोलिसाने गाडी थांबवली, तर काकूंनी शेजारच्या सीटवरून त्याला सगळी हकिगत मराठीत ऐकवली आणि ‘हूं’ म्हणायला लावलं. दंडाचं तिकीट मिळायचं ते मिळालंच. पण काकू खूश होत्या. “माणूस चांगला होता हो. ऐकत होता.”

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. मी एमएससाठी अमेरिकेत पिस्कॅटवेला आले आणि काकूंच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. मी मुळात कमी बोलणारी, त्यात पुण्याच्या इंग्रजी शाळेतली. काकू मला ‘कॉन्व्हेंट’च म्हणत. “ए कॉन्व्हेंट, पोळ्या झाल्यात, खाली ये!” माझं ‘हूं’ त्यांना कधीच पसंत पडलं नाही. “डास गुणगुणला वाटतं,” म्हणायच्या.

वसंतकाका इंजिनियर. सज्जन माणूस, पण घरी असले की वर्तमानपत्रामागेच राहत. त्यामुळे काकूंची बोलण्याची सगळी भूक कारखान्यात भागे. त्या सेंटच्या बाटल्या खोक्यात भरायचं काम करत. सरकत्या पट्ट्यापाशी त्यांच्या शेजारी उभी असे लुर्देस, ब्राझीलची. लुर्देसला मराठी येत नव्हतं, काकूंना पोर्तुगीज. इंग्रजी दोघींनाही ‘ब्रेक’ आणि ‘हरी अप’ इतपतच. तरी डब्याच्या सुट्टीत या दोघी अखंड बोलत.

लुर्देस तरुणपणी तिकडच्या एका बायकांच्या फुटबॉल क्लबात खेळायची. क्लबचं नाव पार्दाइस, म्हणजे चिमण्या. तिच्या देशात आता-आतापर्यंत बायकांनी फुटबॉल खेळायला कायद्याने बंदी होती, म्हणून या चिमण्या चोरून खेळत. इथे आल्यावर तिने रविवारी पार्कात खेळणारी बायकांची टीम जमवली आणि तिलाही तेच नाव दिलं. काकू पहिल्याच मॅचला हजर झाल्या. नऊवारी नाही, पण पाचवारी, वर विंडचीटर, खाली स्नीकर्स. मला दुभाषी म्हणून ओढत नेलं.

“सगळ्यांना गोल बसव. हातात तांदूळ दे. कहाणी ऐकल्याशिवाय काही सुरू करायचं नसतं.”

“काकू, त्यांना खेळायचंय.”

“मग? आपण काय जेवायला बसवतोय त्यांना? सांग, तोंड उघड!”

हाफपँटमधल्या अकरा बायका माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, हिरवळ दुभंगावी. मी तांदूळ वाटले. गोलकीपर असलेल्या पोलिश हेअरड्रेसरने ते खाऊन टाकले, तिला पुन्हा नवे दिले.

आणि काकूंनी सुरुवात केली. “ऐका चिमण्यांनो, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. तिथला राजा खडूस. त्याने दवंडी पिटली, बायकांनी चेंडूला पाय लावायचा नाही. हूं म्हणा!”

“हूं!” अकरा जणी म्हणाल्या.

“तिथे काही धोबिणी होत्या. त्या वाळत घातलेल्या चादरींच्या आड खेळायच्या. एकदा शिपाई आला. चेंडू टाकला कपड्यांच्या टोपलीत. मेला टोपलीवरच बसला आणि कॉफी मागू लागला!” मी इंग्रजीत सांगत होते, टीममधली लुर्देसची एक देशवाली ते पोर्तुगीजमध्ये करत होती आणि लुर्देस हसत मान डोलवत होती. सगळं खरं होतं. काकूंना हे नुसत्या हातवाऱ्यांतून कळलं होतं. “मग वरून शंकर-पार्वती विमानातून चालले होते. पार्वतीने विचारलं, खाली धूळ कसली? बायका खेळतायत कळल्यावर तिने त्यांना देवळामागचं अंगण दिलं.”

इथे लुर्देसने हात वर केला. ती पार्वती नव्हती. चर्चच्या फादरची म्हातारी आई होती.

“तेच ते,” काकू म्हणाल्या. “उतू नका, मातू नका. ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण!”

त्या दिवशी टीम पहिल्यांदा जिंकली. संपलं! खेळाडूंइतकं श्रद्धाळू कुणी नसतं. यापुढे कहाणीशिवाय मैदानात उतरायला एकही जण तयार होईना. समोरच्या टीमच्या बायकाही तांदळासाठी हात पुढे करू लागल्या. “दारी आलेलीला नाही म्हणू नये,” म्हणून काकू त्यांनाही देत आणि मग त्या टीमने गोल केला की माझ्यावर चिडत.

पुढच्या वर्षी बातमी आली. तिकडे बायकांच्या फुटबॉलला आता रीतसर मान्यता मिळाली होती, जुना क्लब उघडपणे खेळत होता, त्यांना मुलींना शिकवायला कुणी हवं होतं. लुर्देस कायमची परत निघाली.

“जाईना का,” काकू बेसन भाजता भाजता म्हणाल्या. “कामावरची ओळख. आज आहे, उद्या नाही.” बेसन एवढं होतं की सबंध ब्राझीलला लाडू पुरले असते.

शेवटच्या रविवारी कहाणी नेहमीसारखी सुरू झाली, पण संपेना. टोपलीवरून शिपाई उठला, तर राजाची सासू आली. ती गेली, तर कुत्रं आलं. रेफरीने घड्याळ दाखवलं. “लेडी, प्लीज!”

“त्याला सांग, हूं म्हण.”

तो निमूटपणे ‘हूं’ म्हणाला.

“मग त्या नगरात एक परकी बाई आली,” काकू म्हणाल्या. “तिचं बोलणं कुणाला कळेना, कुणाचं तिला कळेना. भिंतीकडे तोंड करून डबा खायची. एक दिवस शेजारी दुसरी येऊन बसली. हिने काहीबाही सांगितलं, तर ती म्हणाली…”

मी भाषांतर करायचं थांबले. क्लबच्या इतिहासात हे नव्हतं.

“हूं,” लुर्देस म्हणाली. भाषांतराशिवाय.

काकू थांबल्या. आता फक्त ‘सुफळ संपूर्ण’ म्हणायचं उरलं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही. विंडचीटरची चेन वर ओढली, खाली केली, पुन्हा वर ओढली. “उरलेली पुढच्या खेपेला,” म्हणाल्या. “सांग तिला. अर्धी ऐकून ठेवलेली कहाणी पुरी ऐकायला यावंच लागतं.”

मी सांगितलं. कहाणी झाली की सगळ्या जणी आपले तांदूळ काकूंच्या वाटीत परत टाकत. लुर्देसने टाकले नाहीत. खाली वाकून ते मोज्यात सारले, काकूंचा गाल ओढला आणि धावत मैदानात गेली.

काकू बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिल्या.

“वेडी कुठली,” म्हणाल्या. “टोचतील की गं तिला.”

मी म्हणाले, “हूं.” चांगलं मोठ्याने.