भाटकरकाका आणि टॅरंट्युलाबाई

भाटकरकाकांकडे टॅरंट्युला, म्हणजे पाळायचा मोठा कोळी, मागायला कोणी गेलं की ते आधी त्याला स्टुलावर बसवायचे आणि अर्धा तास गप्प राहायला सांगायचे. त्याने घड्याळाकडे पाहिलं की संपलं. "घाई आहे? मग मासे पाळा."

काका मूळचे रत्नागिरीचे. जहाजाच्या इंजिनरूममधून निवृत्त होऊन गोडदेवला आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. टीव्हीच्या जागी काचेच्या चार पेट्या आणि प्रत्येकीत तळहाताएवढी केसाळ कोळीण. चौघींनाही ते 'बाई' म्हणायचे. तेही अहो-जाहो करून.

मला हवी होती सगळ्यात मोठी, निळ्या पायांची. माझ्या टाइल्सच्या दुकानात काउंटरवर ठेवली की गिऱ्हाईक थांबलंच पाहिजे. भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी घासाघीस करून रडवलंय, पण काकांपुढे माझी डाळ शिजेना. सहा रविवार स्टुलावर बसवलं आणि शेवटी दिली कोणती? एक मातकट, सुस्त बाई!

"निळ्या बाई पळतात, चावतात. नवख्याने मोठी घ्यायची तर थंड डोक्याची घ्यावी. शिरके, एका घरात एकच तापट पुरे."

आणि निळी दिली तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीला. ती म्हणे रागावत नाही! माझा तो राग अजून गेलेला नाही.

दोन महिन्यांनी आमच्या बाईंनी खाणं सोडलं. एका सकाळी पाहतो तर पाठीवर पडलेल्या, आठही पाय वर. माझं टाळकं सटकलं. खाली जाऊन ओरडलो, "काका, मरतुकडा माल माझ्या गळ्यात मारलात! आता गटारात टाकतो!"

काका दाढी अर्धी सोडून माझ्याआधी जिना चढले. पेटीत डोकावले.

"गाढवा, कात टाकतायत त्या. हात लावू नको. आत्ता धक्का लागला तर मात्र जातील."

"मग करायचं काय?"

"बसायचं."

काका बसले ते दुपारपर्यंत. साबण गालावरच वाळला. मोज्यातून काढावा तसा एकेक पाय जुन्या कातीतून निघत होता.

"आपल्याला काही करताच येत नाही, तर बसायचं कशाला?" मी चिडून विचारलं.

काकांनी पेटीवरची नजर काढली नाही. "तुझी काकी गेली तेव्हा मी समुद्रात होतो. पुढच्या बंदरात कळलं. तिच्याजवळ कोण बसलं होतं, ते मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही."

दुकानातून फोन येत होता. मी मोबाइल बंद केला आणि काकांच्या शेजारी मांडी घातली. आत अजून तीन पाय अडकलेले होते.